रनिंग प्लेमधील ब्लॉकिंग: ‘पॉवर’ या चालीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू घेऊन धावणाऱ्याचे नाव सर्वांच्या तोंडी असते. त्याच्यासाठी वाट मोकळी करणाऱ्यांकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते. ज्यांचा मुलगा अमेरिकेतील हायस्कूलच्या संघात गार्ड किंवा टॅकल म्हणून निवडला गेला आहे असे मराठी पालक, आणि भारतात रात्री जागून किंवा सोमवारी पहाटे उठून एनएफएलचे (अमेरिकेतील व्यावसायिक लीगचे) सामने पाहणारे प्रेक्षक, यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरांत गोंधळ होऊ नये म्हणून बहुतेक ठिकाणी एकच चाल आधाराला घेतली आहे: उजवीकडे खेळली जाणारी ‘पॉवर’. शाळेच्या मैदानापासून एनएफएलपर्यंत ही चाल सर्वत्र खेळली जाते आणि ब्लॉकिंगची जवळजवळ सगळी तत्त्वे तिच्यात सापडतात.

१. ब्लॉकिंग म्हणजे नेमके काय, आणि ‘असाइनमेंट’ कशाला म्हणतात?

चेंडू नसलेल्या खेळाडूने आपल्या अंगाच्या आणि हातांच्या जोरावर प्रतिस्पर्ध्याला चेंडूपर्यंत पोहोचू न देणे म्हणजे ब्लॉकिंग. प्रत्येक चालीत प्रत्येक खेळाडूला त्याचे काम आधीच ठरवून दिलेले असते. त्याला असाइनमेंट म्हणतात. येथे एक गोष्ट अगदी सुरुवातीलाच मनात पक्की करायला हवी. चांगली असाइनमेंट ‘अमुक नंबरच्या माणसाला अडव’ अशी नसते, कारण तो माणूस स्नॅपच्या, म्हणजे मधल्या खेळाडूने चेंडू मागे देऊन चाल सुरू करण्याच्या, आधी जागा बदलू शकतो. ती नियमाच्या रूपात असते: ‘तुझ्या आतल्या बाजूच्या फटीत कोणी असेल तर तो तुझा, नसेल तर पलीकडचा लाइनबॅकर (त्यांच्या लाइनच्या मागे उभा असलेला बचावपटू) तुझा.’ माणसे पाठ करणारा खेळाडू पहिल्याच बदलाला गोंधळतो, नियम पाठ करणारा गोंधळत नाही. पुढची बहुतेक उत्तरे याच एका गोष्टीचा विस्तार आहेत.

२. लाइनवर कोण कोण उभे असते?

मधोमध चेंडू स्नॅप करणारा सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक गार्ड आणि गार्डच्या बाहेर एकेक टॅकल, असे पाच जण म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइन. हे पाचही जण साधारणतः ५० ते ७९ यांमधील नंबर घालतात आणि त्यांना पुढे फेकलेला पास झेलता येत नाही. एनएफएलमध्ये स्नॅपच्या क्षणी किमान सात जण स्क्रिमेज रेषेवर, म्हणजे चेंडू ठेवलेल्या जागेवरून जाणाऱ्या आडव्या रेषेवर, असावे लागतात. उरलेले दोघे म्हणजे टाइट एंड (लाइनच्या टोकाला उभा राहून ब्लॉकही करणारा आणि पासही झेलणारा) आणि वाइड रिसीव्हर (बाहेर दूर उभा राहून पास झेलणारा) यांपैकी कोणीतरी. रेषेच्या मागे क्वार्टरबॅक (स्नॅप घेऊन चेंडू देणारा किंवा फेकणारा), फुलबॅक (येथे मुख्यतः ब्लॉक करणारा) आणि रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) असतात. आपल्या उदाहरणात टाइट एंड उजव्या टॅकलच्या बाहेर उभा आहे, म्हणजे चाल ज्या बाजूला जाणार त्याच बाजूला.

३. प्रशिक्षक ‘बी गॅप’, ‘थ्री टेक्निक’ असे बोलतात. ही अक्षरे आणि आकडे कशाचे?

अक्षरे फटींची आहेत आणि आकडे बचावपटू कोठे उभा आहे हे सांगतात. सेंटर व गार्ड यांच्यामधील फट म्हणजे ए गॅप, गार्ड व टॅकल यांच्यामधील बी, टॅकल व टाइट एंड यांच्यामधील सी आणि टाइट एंडच्या बाहेरची डी. दोन्ही बाजूंना हीच अक्षरे वापरली जातात. आकड्यांमध्ये सेंटरच्या थेट समोर उभा असलेला बचावपटू शून्य, त्याच्या एका खांद्यावर सरकलेला एक, गार्डच्या बाहेरच्या खांद्यावरचा तीन, टॅकलच्या बाहेरच्या खांद्यावरचा पाच, टाइट एंडच्या आतल्या खांद्यावरचा सात आणि बाहेरच्या खांद्यावरचा नऊ. सात हा आकडा सहाच्याही (टाइट एंडच्या थेट समोरच्याही) आत, सरळ क्रमाला सोडून बसलेला आहे. तो तसाच लक्षात ठेवावा. मागे उभ्या असलेल्या लाइनबॅकरांना सॅम, माइक आणि विल ही नावे आहेत: सॅम टाइट एंडच्या बाजूचा, माइक मधला, विल उरलेल्या बाजूचा.

४. उजवीकडच्या ‘पॉवर’मध्ये कोण कोणाला अडवतो?

समोर चार लाइनमन आणि तीन लाइनबॅकर अशी नेहमीची मांडणी आहे असे धरू. आपल्या उजव्या गार्डच्या बाहेरच्या खांद्यावर त्यांचा टॅकल आहे, म्हणजे थ्री टेक्निक. आपल्या सेंटरच्या डाव्या खांद्यावर नोज, म्हणजे त्यांचा मधला लाइनमन, आहे. टाइट एंडच्या आतल्या खांद्यावर, आपल्या उजव्या बाजूला, त्यांचा एंड (त्यांच्या लाइनचा टोकाचा खेळाडू) आहे आणि त्याच्याही बाहेर, रेषेवरच, सॅम उभा आहे. डाव्या टोकाला दुसरा एंड आहे. माइक आणि विल मागे आहेत. म्हणजे एकूण सात जण अडवायचे आहेत.

टाइट एंड आतल्या बाजूला, म्हणजे डावीकडे, तिरका जाऊन एंडला ढकलतो. याला डाउन ब्लॉक म्हणतात. उजवा गार्ड आणि उजवा टॅकल मिळून थ्री टेक्निकवर डबल टीम करतात, त्याला मागे रेटत नेतात आणि तेथूनच एक जण सुटून विलकडे जातो (तपशील प्रश्न ६ मध्ये). फुलबॅक पुढे धावत जाऊन सॅमला आतून बाहेर, साइडलाइनच्या दिशेने, रेटतो. हा किक-आउट (प्रश्न ८). डावा गार्ड स्वतःची जागा सोडतो, लाइनच्या मागून उजवीकडे येतो आणि टाइट एंड व फुलबॅक यांच्या ब्लॉकमध्ये तयार झालेल्या दारातून शिरून माइकला गाठतो. याला पुल करणे म्हणतात (प्रश्न ७). तो गेल्यामुळे रिकाम्या झालेल्या जागेसाठी सेंटर डावीकडे नोजवर जातो आणि डावा टॅकल आधी आतली फट बंद करून मग बाहेरच्या एंडकडे वळतो (प्रश्न ९).

आता हिशेब पाहा. सातांपैकी तिघांना, म्हणजे टाइट एंडसमोरचा एंड, थ्री टेक्निक आणि नोज यांना, बाजूने, कोनातून धक्का बसतो. एकाला आतून बाहेर ढकलले जाते. विलपर्यंत डबल टीममधून सुटलेला माणूस पोहोचतो आणि माइकवर दूरवरून वेग घेऊन आलेला गार्ड आदळतो. समोरासमोर, केवळ ताकदीवर लढायचे काम जवळजवळ कोणालाच उरत नाही. ही चाल इतकी वर्षे टिकून आहे ती याच कारणाने, असे माझे ठाम मत आहे.

५. डाव्या गार्डला इतक्या लांबून आणण्यापेक्षा माइकला जवळच्याच कोणी का अडवू नये?

जवळच्यांनी माइकला अडवायचे ठरवले तर थ्री टेक्निकवर एकटा गार्ड उरतो, आणि एकट्याने रेटता येईल असा थ्री टेक्निक कोणत्याही स्तरावर दुर्मीळ असतो. गार्डला पलीकडून आणल्याने चालीच्या बाजूला एक माणूस जादा होतो आणि बचावपक्षाला तो स्नॅपनंतरच दिसतो. यासाठी दिलेली किंमत म्हणजे डाव्या बाजूला एक जागा रिकामी होते. सेंटर आणि डावा टॅकल ती भरून काढतात.

गार्डना लाइनबाहेर काढण्याची ही कल्पना जुनी आहे. व्हिन्स लोम्बार्डी यांच्या ग्रीन बे पॅकर्सने १९६० च्या दशकात आपल्या प्रसिद्ध ‘स्वीप’मध्ये जेरी क्रेमर आणि फझी थर्स्टन हे दोन्ही गार्ड एकाच वेळी बाहेर काढले आणि पॉल हॉर्नंग व जिम टेलर यांना त्यांच्या मागून धावायला लावले. पुढे १९८० च्या दशकात जो गिब्ज यांच्या वॉशिंग्टन संघाने ‘काउंटर ट्रे’मध्ये मागच्या बाजूचा गार्ड आणि टॅकल असे दोघे आणले: गार्ड किक-आउट करतो आणि टॅकल दारातून आत शिरतो. जानेवारी १९८८ च्या सुपर बोलमध्ये (एनएफएलच्या अंतिम सामन्यात) त्याच लाइनच्या मागे टिमी स्मिथ २०४ यार्ड धावला, आणि सुपर बोलमधील तो विक्रम ठरला. ‘पॉवर’ आणि ‘काउंटर’ यांचे नियम इतके जवळचे आहेत की एक शिकलेल्या मुलाला दुसरी चाल थोड्या सरावात येते.

६. डबल टीममधून लाइनबॅकरकडे कोणी जायचे, आणि कधी?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे आणि तो तसा असणे योग्यच आहे, कारण ‘पॉवर’चे यश बहुतांशी येथेच ठरते.

उजवा गार्ड आणि उजवा टॅकल यांची पहिली पावले एकमेकांच्या दिशेने पडतात: गार्डचे उजवे, टॅकलचे डावे. पाऊल लहान असते, जेमतेम सहा इंचांचे, कारण मोठे पाऊल टाकणारा धडकेच्या क्षणी एका पायावर असतो. दोघांच्या कमरा एकमेकींना भिडतात. मध्ये फट राहिली तर थ्री टेक्निक खांदा तिरका करून तिच्यातून घुसतो आणि मग डबल टीम नावालाच उरते. दोघांचे जवळचे हात, गार्डचा उजवा आणि टॅकलचा डावा, त्याच्या छातीवर असतात आणि दोघांचे डोळे त्याच्या खांद्यावरून मागे उभ्या असलेल्या विलवर असतात. लाइनचे प्रशिक्षक म्हणतात ते हेच: चार हात लाइनमनवर, चार डोळे लाइनबॅकरवर.

कोणी सुटायचे हे विल ठरवतो. तो डबल टीमच्या बाहेरून, म्हणजे उजवीकडून, येऊ लागला तर टॅकल सुटतो आणि गार्ड थ्री टेक्निकला सांभाळतो. तो आतून, डावीकडून, घुसू लागला तर गार्ड सुटतो आणि टॅकल थ्री टेक्निकला ताब्यात घेतो. विल जागेवरच उभा असेल तर कोणीच सुटायचे नाही; थ्री टेक्निकला रेटत रेटत विलच्या अंगावरच न्यायचे.

‘कधी’ या प्रश्नाचे उत्तर: वाटते त्यापेक्षा उशिरा. घाईने सुटणे हा शिकणाऱ्यांचा सर्वांत सामान्य दोष आहे. लवकर सुटलेला खेळाडू विलला गाठतो खरा, पण मागे सोडलेला थ्री टेक्निक सावरतो आणि रनिंग बॅकला रेषेच्या मागेच धरतो. विल मोकळा राहिला तर चाल तीन-चार यार्डांची होते. थ्री टेक्निक मोकळा राहिला तर चाल उलट मागे जाते. दोहोंत कोणते नुकसान परवडते हे मुलांना सांगितले की घाई बरीच कमी होते.

७. पुल करणाऱ्या गार्डने कोठे पाहायचे? माझा मुलगा नेहमी चुकीच्या माणसावर जातो.

डोळे आत, म्हणजे आपल्या डाव्या खांद्याच्या दिशेने, माइकवर. बहुतेक मुले ज्या दिशेला धावतात त्या दिशेला पाहतात, समोर दिसणाऱ्या सॅमवर जातात आणि फुलबॅकचेच काम पुन्हा करतात. तेवढ्यात माइक त्यांच्या आतल्या बाजूने निघून जातो.

पहिले पाऊल उजवे, किंचित मागे, म्हणजे लाइनच्या पायांच्या गर्दीतून बाहेर पडता येते. त्यानंतर शक्य तितके रेषेला समांतर आणि रेषेच्या जवळून यायचे, खांदे पूर्ण उजवीकडे न वळवता मैदानाकडे तोंड ठेवायचे आणि डबल टीमच्या जणू पाठीला घासून जायचे. डबल टीम पार केल्यावर जे पहिले मोकळे दार दिसेल त्यातून वर वळायचे. वळताना वेग वाढवायचा; दारात थबकलेला गार्ड आपल्याच रनिंग बॅकला अडथळा होतो. बाहेरचे दार बंद असेल तर काय करावे हे प्रश्न ८ मध्ये, आणि माइक मुळात जागेवर नसेल तर काय हे प्रश्न १२ मध्ये आहे.

८. किक-आउट करताना कोणता खांदा लावायचा? आणि ज्याला बाहेर ढकलायचे तो आतच घुसला तर?

चाल उजवीकडे असेल तर उजवा खांदा लावायचा, म्हणजे ब्लॉक करणाऱ्याचे डोके मोकळ्या दाराच्या बाजूला राहते आणि त्याचे शरीर सॅम व चेंडू यांच्यामध्ये येते. येथे डोके आणि डोक्याची बाजू यांचा उल्लेख केवळ शरीराची स्थिती सांगण्यासाठी आहे. हेल्मेटने धडक देणे प्रत्येक स्तरावर दंडनीय आहे आणि मानेसाठी धोकादायक आहे. संपर्क खांद्याने आणि हातांनीच करायचा.

हुशार सॅम मात्र बाहेर वाट पाहत बसत नाही. तो टाइट एंडच्या मागोमाग आत दाबतो आणि आपल्या बाहेरच्या हाताने फुलबॅकच्या आतल्या बाजूला घुसतो, जेणेकरून दारच बंद होईल. अशा वेळी त्याला बाहेर ढकलण्याचा हट्ट धरू नये. तो स्वतःच आत आला आहे, तर त्याला तेथेच कोंडावे: फुलबॅक डावा खांदा लावून, त्याच्या बाहेरच्या बाजूने वेढा घालून त्याला आत दाबून धरतो. याला लॉग म्हणतात. मागून येणारा डावा गार्ड ते पाहतो आणि आत न शिरता फुलबॅकच्या बाहेरून वळतो. रनिंग बॅक गार्डच्या पाठोपाठ जातो. माइकवर जाण्याचे गार्डचे काम बदलत नाही, बदलते ती फक्त वाट. फुलबॅक, गार्ड आणि रनिंग बॅक या तिघांनी हा निर्णय एकाच खुणेवरून, सॅमच्या आतल्या खांद्यावरून, घ्यायचा असतो. त्यामुळे या तिघांचा सराव वेगवेगळा घेण्यात फारसा अर्थ नाही.

९. चेंडू उजवीकडे जातो, मग सेंटर आणि डाव्या टॅकलला एवढी चिंता कशासाठी?

कारण रनिंग बॅक पहिली दोन पावले रेषेच्या मागे असतो आणि डाव्या बाजूने सुटलेला बचावपटू त्याला तेथेच गाठू शकतो. सेंटरचे काम कठीण आहे: चेंडू स्नॅप करता करता त्याला डावीकडे झेपावून नोजच्या पुढे खांदा न्यावा लागतो. नोज उजवीकडे निसटला तर पुल करणाऱ्या गार्डलाच जाऊन आदळतो. डावा टॅकल आधी उजवे पाऊल आत टाकतो, गार्डने सोडलेल्या फटीतून कोणी येत नाही याची खात्री करतो आणि मग दाराच्या बिजागरीप्रमाणे वळून बाहेरच्या एंडला सामोरा जातो. आत आणि बाहेर असे दोघेही एकदम आले तर आतला घ्यायचा. बाहेरच्याला लांबचा वळसा पडतो. आतला थेट येतो.

१०. रनिंग बॅकने ब्लॉकिंगचे नियम शिकायची गरज आहे का?

आहे. ‘पॉवर’मध्ये त्याने गार्डच्या आधी दारापाशी पोहोचणे हा दोषच आहे. म्हणून तो आधी डावीकडे एक लहान पाऊल टाकतो, गार्डला पुढे जाऊ देतो आणि मग त्याच्या पाठीला चिकटून निघतो. गार्डने माइकला ज्या बाजूला ढकलले असेल त्याच्या विरुद्ध बाजूने तो सुटतो. त्यानंतर उरतो तो सेफ्टी, म्हणजे सर्वांत मागचा बचावपटू, आणि त्याला चुकवणे हे रनिंग बॅकचेच काम मानले जाते.

११. झोन ब्लॉकिंग यापेक्षा वेगळे कसे? मुलगा हलका असेल तर कोणती पद्धत बरी?

‘पॉवर’मध्ये दार कोठे उघडणार हे आधी ठरलेले असते. झोनमध्ये पाचही लाइनमन एकाच दिशेने पाऊल टाकतात आणि आपल्या वाट्याच्या पट्ट्यात जो येईल त्याला घेतात. ज्याच्या समोर बचावपटू आहे तो त्याला घेतो. ज्याच्या समोर कोणी नाही तो शेजाऱ्याला मदत करून लाइनबॅकरकडे जातो. दार कोठे उघडते हे रनिंग बॅक धावताना ओळखतो आणि एकच वळण घेऊन सुटतो. प्रश्न ६ मधील डबल टीमचे नियम झोनमध्येही जवळजवळ जसेच्या तसे चालतात.

हलक्या लाइनमनला झोन, विशेषतः आउटसाइड झोन, मानवते असे सर्वसाधारणपणे म्हणता येईल. माइक शानाहान यांच्या डेन्व्हर ब्रॉन्कोजने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात, लाइनचे प्रशिक्षक अ‍ॅलेक्स गिब्ज यांच्या हाताखाली, त्या काळच्या मानाने हलकी पण चपळ लाइन उभी केली. तिच्या मागे टेरेल डेव्हिस हा ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या) सहाव्या फेरीत निवडलेला रनिंग बॅक १९९८ च्या मोसमात २,००८ यार्ड धावला आणि संघाने लागोपाठ दोन सुपर बोल जिंकले. मात्र वजनाच्या भीतीने मुलाला गार्डच्या जागेवरून काढू नये. पुल करणाऱ्या गार्डला वजनापेक्षा पायांची चपळाई आणि धीटपणा अधिक लागतो.

१२. स्नॅप होताच लाइनबॅकर फटीतून धावून आला तर नियम मोडायचा का?

नियम मोडायचा नाही. नियमातच त्याचे उत्तर आहे. आतल्या दिशेने ब्लॉक करणाऱ्या प्रत्येकाची पहिली जबाबदारी त्याच्या आतल्या फटीची असते. माइक उजव्या बी गॅपमधून, म्हणजे गार्ड आणि टॅकल यांच्यामधून, घुसला तर डबल टीम तेथेच थांबते, टॅकल माइकला घेतो आणि गार्ड एकटा थ्री टेक्निकला सांभाळतो. मग डाव्या गार्डसाठी माइक उरत नाही. तो दारातून शिरून पुढचा जो कोणी असेल, बहुधा विल, त्याला गाठतो. रिकाम्या दारातून पुढे जाऊन कोणालाच न अडवणारा गार्ड दिसला तर समजावे की त्याला माणूस शिकवला आहे, नियम शिकवलेला नाही.

१३. समोर तीनच लाइनमन असतील, किंवा सेंटर आणि दोन्ही गार्ड यांच्यासमोर एकेक उभा असेल, तर?

तीन लाइनमन आणि चार लाइनबॅकर या मांडणीत नोज सेंटरच्या थेट समोर असतो आणि त्यांचे एंड आपल्या टॅकलच्या बाहेरच्या खांद्यावर असतात. आता उजव्या गार्डसमोर कोणी नाही, म्हणून तो सेंटरबरोबर नोजवर डबल टीम करतो. टाइट एंड आणि उजवा टॅकल मिळून एंडवर जातात. बाहेरचा लाइनबॅकर फुलबॅकचा, आतला जवळचा पुल करणाऱ्या गार्डचा, आतला दूरचा दोन्ही डबल टीमपैकी ज्यांना सोयीचा पडेल त्यांचा. डावा टॅकल त्याच्या बाजूच्या एंडला घेतो. सर्वांत डावीकडचा लाइनबॅकर मोकळा राहतो. चेंडू दिल्यानंतर क्वार्टरबॅकने तो आपल्याकडेच असल्याची बतावणी करत डावीकडे धावायचे, म्हणजे तो लाइनबॅकर क्षणभर अडकतो.

दुसरी मांडणी अधिक अवघड आहे. बडी रायन यांच्या १९८५ च्या शिकागो बेअर्समुळे ती प्रसिद्ध झाली आणि डग प्लँक या सेफ्टीच्या जर्सीवरील नंबरावरून तिला ‘४६’ हे नाव पडले. येथे सेंटर नोजला सोडून डावीकडे जाऊ शकत नाही, म्हणून गार्ड पुल करताच त्याच्यासमोरचा बचावपटू मोकळा होतो. डाव्या टॅकलने आत येऊन त्याला घेतले तर बाहेरचा एंड मोकळा राहतो. कागदावर उत्तरे मांडता येतात, पण शालेय स्तरावर या मांडणीविरुद्ध ‘पॉवर’ न खेळता चाल बदलण्याची खूण ठेवणे हेच शहाणपणाचे आहे.

१४. कधी कधी एका बचावपटूला कोणीच अडवत नाही. ती चूक असते की मुद्दाम केलेले असते?

पुष्कळदा मुद्दाम. दोन्हीकडे अकरा जण असतात, पण चेंडू असलेला ब्लॉक करत नाही आणि चेंडू देऊन मोकळा झालेला क्वार्टरबॅकही सहसा करत नाही. म्हणून बचावपक्षाकडे नेहमी माणसे जास्त असतात. झोन रीडसारख्या चालींत एका एंडला सोडून दिले जाते आणि क्वार्टरबॅक त्याच्याकडे पाहून निर्णय घेतो: एंड रनिंग बॅककडे धावला तर चेंडू स्वतःकडे ठेवायचा, तो जागेवर थांबला तर द्यायचा. आर्मी आणि नेव्ही या लष्करी अकादमींच्या संघांनी ऑप्शनच्या खेळात हेच तत्त्व वर्षानुवर्षे वापरले आहे.

१५. होल्डिंग नेमके कधी होते? प्रत्येक ब्लॉकमध्ये हात धरलेले दिसतात.

हात प्रतिस्पर्ध्याच्या शरीराच्या चौकटीच्या आत, छातीवर असतील आणि ब्लॉक करणारा त्याच्या समोर असेल तर पंच सहसा दंड देत नाहीत. बचावपटू बाजूला निसटत असताना त्याची जर्सी ओढली, त्याला मागून वेढले किंवा खाली खेचले तर दंड होतो, आणि तो १० यार्डांचा असतो. कबड्डीत वाढलेल्या आपल्या लोकांना हे विशेष सांगावे लागते, कारण तेथे पकड सुटू न देणे हेच कसब आहे. येथे माणूस निसटला की हात सोडून पायांनी पुन्हा त्याच्यापुढे जाणे हे कसब. त्यामुळे होल्डिंगचे मूळ बहुधा हातांत नसून आळशी पायांत असते.

१६. कमरेखाली ब्लॉक करणे चालते का?

उत्तर स्पर्धेच्या स्तरावर अवलंबून आहे. एनएफएलमध्ये २०२१ पासून टॅकलच्या फार बाहेर किंवा रेषेपासून दूर असा ब्लॉक करता येत नाही. कॉलेजमध्ये २०२२ पासून तो फक्त टॅकलांच्या दरम्यानच्या भागात, लाइनमन आणि जागेवर उभ्या असलेल्या बॅकनाच करता येतो. बहुतेक राज्यांतील हायस्कूलमध्ये तो चेंडूच्या दोन्ही बाजूंना चार-चार यार्ड आणि रेषेच्या पुढे-मागे तीन-तीन यार्ड एवढ्याच चौकटीत, स्नॅपच्या वेळी रेषेवर असलेल्यांनीच एकमेकांवर आणि स्नॅप होताच लगेच करायचा असतो. चेंडू त्या चौकटीबाहेर गेला की परवानगी संपते. क्वार्टरबॅक पाच यार्ड मागे उभा असेल तर चेंडू क्षणात बाहेर जातो, म्हणून अशा संघांनी हा ब्लॉक शिकवूच नये असे मला वाटते. टेक्ससमधील शाळा कॉलेजचे नियम वापरतात हे तेथील पालकांनी लक्षात ठेवावे.

एक ब्लॉक मात्र कोठेही करू नये: एकाने वर धरलेल्या बचावपटूला दुसऱ्याने खाली पायांवर धडकणे. याला चॉप ब्लॉक म्हणतात, एनएफएलने २०१६ मध्ये तो पूर्णपणे बंद केला आणि त्याचा दंड १५ यार्डांचा आहे. डबल टीममध्ये एक जण पाय घसरून खाली गेला तर नकळतही हा प्रकार घडू शकतो; दुसऱ्याने तत्काळ हात सोडावेत.

१७. वाइड रिसीव्हरने आत येऊन लाइनबॅकरला धडक दिली तर ते वैध आहे का?

पुढून, कमरेच्या वर आणि हात पुढे करून अडवले तर वैध. पण तो आतल्या दिशेने येत असल्याने बचावपटूला दिसत नाही आणि खांद्याने जोरात धडक दिली तर तो ब्लाइंडसाइड ब्लॉक ठरतो. एनएफएलने तो २०१९ मध्ये बंद केला. पंधरा यार्ड जातात आणि समोरच्या मुलाला गंभीर इजा होऊ शकते. उघड्या हातांनी वाट अडवणे एवढेच पुरेसे असते.

१८. रनिंग प्लेमध्ये लाइनमन कितीही पुढे जाऊ शकतात, मग कधी कधी त्याच चालीवर दंड कसा होतो?

शुद्ध रनिंग प्लेमध्ये मर्यादा नाही. पण हल्ली अनेक चालींत क्वार्टरबॅक शेवटच्या क्षणी चेंडू देण्याऐवजी फेकतो. लाइनमनना ते ठाऊक नसते; ते ‘पॉवर’ खेळत असतात आणि डबल टीममधून सुटून विलकडे निघालेले असतात. पास रेषेपलीकडे गेला तर एनएफएलमध्ये एक यार्ड, हायस्कूलमध्ये दोन आणि कॉलेजमध्ये तीन यार्डांपेक्षा पुढे गेलेल्या लाइनमनमुळे दंड होतो. प्रश्न ६ मधील ‘उशिरा सुटा’ हा सल्ला येथेही कामी येतो.

१९. चाल फसली तर दोष कोणाचा, हे घरी सामन्याची फिल्म पाहून ओळखता येईल का?

येईल, पण चेंडूकडे न पाहता. एकदा फक्त डबल टीम पाहावी, एकदा फक्त पुल करणारा गार्ड, एकदा फक्त डावी बाजू. रनिंग बॅक रेषेच्या मागे पडला असेल तर बहुधा सेंटर, डावा टॅकल किंवा घाईने सुटलेली डबल टीम जबाबदार असते. तो रेषेवरच अडला तर किक-आउट पाहावा. तीन-चार यार्डांवर थांबला तर माइक किंवा विल मोकळा राहिला होता. आणि पालकांना एक विनंती: असाइनमेंट काय होती हे प्रशिक्षकांना विचारल्याशिवाय मुलाला दोष देऊ नये, कारण बाहेरून चुकलेला दिसणारा ब्लॉक अनेकदा नियमानुसार अगदी बरोबर असतो.

२०. एक यार्ड हवा असताना सगळे एकत्र येऊन ढकलतात, त्यातही असाइनमेंट असते का?

असते. वेज प्रकारात प्रत्येक जण आतल्या बाजूला, सेंटरच्या दिशेने, दाबतो आणि फटच ठेवत नाही. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ३१ डिसेंबर १९६७ चे. ग्रीन बेमध्ये सुमारे उणे २५ अंश सेल्सियस थंडीत डॅलस काउबॉइजविरुद्ध १६ सेकंद उरले असताना बार्ट स्टारने चेंडू स्वतःकडेच ठेवला आणि जेरी क्रेमर व सेंटर केन बोमन यांच्या मागून गोलरेषा ओलांडली. पॅकर्स २१–१७ ने जिंकले. त्या दोघांनी मिळून जेथ्रो प्यू या लाइनमनला रेटले होते. प्यू अशा वेळी शरीर उंच ठेवतो हे क्रेमरने आधीच फिल्म पाहताना हेरले होते. म्हणजे गोलरेषेवरच्या त्या गर्दीतही प्रश्न ६ मधीलच डबल टीम होती.

आजकाल फिलाडेल्फिया ईगल्समुळे गाजलेल्या प्रकारात मागचे खेळाडू क्वार्टरबॅकला ढकलतातही. एनएफएलने धावणाऱ्याला मागून ढकलण्यावरील बंदी २००५ मध्ये काढली. त्याला पुढून ओढणे मात्र अजूनही नियमबाह्य आहे. ढकलण्याचा हा प्रकार बंद करण्याचा प्रस्ताव मे २०२५ मध्ये मतदानास आला तेव्हा २४ मते हवी होती आणि २२ मिळाली. शाळेच्या संघाने तो वापरावा का, याचे उत्तर आपल्या राज्याच्या नियमपुस्तकात पाहावे, आणि परवानगी असली तरी सेंटर व गार्ड यांनी मान वर आणि पाठ सरळ ठेवायला शिकल्याशिवाय त्याचा सराव सुरू करू नये.